पोत्याच्या पोटातली सुपारी

आत्या, तू गेलीस त्या दुपारी मला हायसं वाटलं. हे घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माजघरात बसून "सुटली बिचारी" म्हणतात, आई मान हलवते आणि मी चहाचे कप उचलून आत निघून जाते. त्यांच्या मते तू दुखण्यातून सुटलीस आणि आम्ही तुझ्यातून. मला एकच भीती होती, आणि गेली काही वर्षं ती रोज होती. तू आम्हाला मारेकरी समजून जाशील, ओठ घट्ट मिटून, आईकडे त्या नजरेने बघत, पाण्याचा थेंब न घेता जाशील, अशी.

तुझा तेरावा झाला. आता घरात जरा शांतता आहे, म्हणून लिहायला बसले. तुलाच लिहिते, कारण तोंडाने मी तुझ्याशी कधीच फार बोलले नाही.

माझी तुझी पहिली आठवण घागरीची आहे. नवरा गेल्यावर तू खाडीपलीकडच्या सासरहून परत आलीस तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी जेमतेम शाळेत जायच्या वयाची होते. पडवीच्या टोकाला तू वेगळी चूल मांडलीस, वेगळी घागर ठेवलीस. मी खेळताना त्या घागरीला हात लावला. तू रागावली नाहीस. घागर उचललीस, सगळं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलंस, राखेने घासून घागर लख्ख केलीस आणि पुन्हा विहिरीवर गेलीस. शेजारच्या कमळाकाकू कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "काय हो कडक सोवळं! हल्लीच्या बायकांनी शिकावं."

गावाने तुझ्या आजाराला सोवळं म्हटलं आणि वर्षानुवर्षं तेच चालून गेलं. आपल्या आगरात विधवा बाई कोणाच्या हातचं पाणी पीत नाही, स्वतःचं शिजवून खाते, म्हणजे पुण्याईच की. बाबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्या अक्काचं काही विचारू नका." पाणी ओतून टाकताना तुझ्या मनात काय चाललेलं असतं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. मी मामाकडे मुंबईला कॉन्व्हेंटात शिकायला गेले. सुट्टीत आगबोटीने दिघीला यायचे, पडावातून धक्क्यावर उतरायचे आणि बैलगाडीने घरी पोचायचे. दर सुट्टीत तुझी चूल आणखी थोडी कोपऱ्यात सरकलेली असायची. "आली मडमीण," म्हणायचीस. मडमीण म्हणून तू एकटीच हाक मारायचीस. मला ती हाक आवडायची, हेही तुला सांगायचं राहिलं.

मी कॉलेज संपवून घरी परतले त्या वर्षी बाबांना हिवताप झाला आणि म्हसळ्याहून परकार डॉक्टर आले. त्यांनी मुंबईत मनाच्या रोग्यांच्या इस्पितळात बरीच वर्षं काढली होती आणि आता आपल्या गावी दवाखाना घातला होता. बाबांना सुई टोचून ते हात धुवायला पडवीत आले, तर तू त्यांना खुणेने जवळ बोलावलंस. मी खांबाआड होते, तुला दिसत नव्हते.

"डॉक्टर, तुम्ही बाहेरचे म्हणून सांगत्ये. ह्या घरात मला घालतायत."

"काय घालतायत, ताई?"

"अन्नातून. पाण्यातून. खाडीपलीकडच्या माझ्या सासरच्यांनी वहिनीला फितवल्येन. मी मेले की त्यांचं काम झालं."

त्यांनी "छे छे" म्हटलं नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मग पेटीतली गोळी दिली आणि तू ती त्यांच्या हातून घेऊन तिथल्या तिथे गिळलीस. संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "परकार मुसलमान, त्यांच्या हातची गोळी चालली. मग ते सोवळं नव्हेच. माझ्याच हाताला काय झालंय गं?"

तेव्हा घराला कळलं.

गोळ्यांनी तुला रात्री ऐकू येणारे आवाज थांबले. झोप लागायला लागली. पण संशय जागच्या जागी राहिला. डॉक्टर म्हणाले, "गोळीचं काम गोळीने केलं. पुढचं बोलून करायचं. ह्यांना जे दिसतं ते खोटं नसतं, पण त्यावरून त्या फार लवकर निकाल लावतात." ते दर गुरुवारी यायला लागले आणि मला म्हणाले, "तुम्ही बसत जा. ह्या घरात न बोलता बसू शकेल असं दुसरं कोणी दिसत नाही." कॉन्व्हेंटात विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा नेम होता, आणि माझ्या स्वभावाला तो सोयीचा पडला होता. कोणाच्या उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पहिले कित्येक गुरुवार ते तुझ्याशी फक्त सुपारीबद्दल बोलले. अंगणात असोल्या, न सोललेल्या सुपाऱ्या, वाळत पडलेल्या असायच्या, तू सावलीला बसून सोलत असायचीस. सुपारीत तुझी कीर्ती मोठी होती. माल घ्यायला येणारा व्यापारी पोत्याच्या तोंडातून, पोटातून आणि बुडातून मूठ मूठ सुपारी काढतो, अडकित्त्याने फोडतो, आतला पांढरेपणा बघतो आणि मग बोलतो, ही रीत. तुला त्याची गरज नसे. तू वरचीच एक उचलायचीस, फोडायचीस, जिभेवर धरायचीस आणि सगळ्या पोत्याचा निकाल सांगायचीस. बाबा व्यापाऱ्यांना तुझ्यापुढे आणून बसवायचे. आपल्याकडे ती हुशारी समजली जायची, आणि तूही तशीच समजायचीस.

एका गुरुवारी डॉक्टर भाड्याच्या बैलगाडीतून म्हसळ्याच्या बाजारातलं एक पोतं घेऊन आले.

"ताई, घ्यावं का हे?"

तू वरची उचललीस, फोडलीस. "शंभर नंबरी. डोळे मिटून घ्या."

डॉक्टरांनी पोतं अंगणात उपडं केलं. वरच्या थराखाली सगळी काळी, किडकी सुपारी होती. तू उठून उभी राहिलीस. चेहरा लाल झाला होता.

"ही लबाडी आहे!"

"आहेच. वर चांगली आणि पोटात किडकी भरणारे असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"मग?"

"मग फोडल्यात किती?"

तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. बाबा डॉक्टरांवर चिडले. आई म्हणाली, "झालं, आता गोळीही बंद." मलाही तसंच वाटलं. पुढच्या गुरुवारी तू डॉक्टरांच्या आधीच अंगणात येऊन बसलीस. ते सायकल टेकवत होते तेवढ्यात म्हणालीस, "त्या दिवशी घाई झाली. पोटातली काढायला हवी होती."

डॉक्टर बसले. घाम पुसला. आणि अगदी सहज म्हणाले, "परवा वहिनींवर का रागावलात?"

"ती वाढताना खोकली. पलीकडच्यांना खूण केलीन."

"बरं. ही वरची एक सुपारी. आता पोटातली काढा. माणूस आणखी कशाने खोकतं?"

तू डोळे मिटून बसलीस. मला आठवतं, एक कावळा असोली पळवत होता आणि तुझं लक्षही गेलं नाही. मग म्हणालीस, "फोडणीच्या ठसक्याने. लाकडं ओली असली तर धुराने." आणि थोड्या वेळाने, जरा नाराजीनेच, "वहिनीला फोडणीचा ठसका लागतो, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे."

"मग खूण केली ह्याची खात्री किती आणे?"

"सोळा."

"सोळा?"

"चौदा धरा."

"दोन आणे उतरले की!"

"चौदा राहिलेत ते बघा," तू म्हणालीस, आणि डॉक्टर इतके मोठ्याने हसले की कमळाकाकू कुंपणाशी आल्या.

हे वाचणाऱ्याला वाटेल की त्या दिवसापासून तू बरी होत गेलीस. तसं झालं नाही. नवे पैसे येऊन दुकानातून आणे कधीच गेले होते, तुझ्या खात्रीचे आणे मात्र चालूच राहिले आणि ते खालीवर होत राहिले. आई कधी सोळा आण्यांची वैरीण असायची, कधी सहा आण्यांची. पावसाळ्यात ओढे भरले की म्हसळ्याचा रस्ता बंद पडायचा, डॉक्टर यायचे नाहीत, आणि प्रश्न विचारायचं काम माझ्यावर यायचं. डॉक्टरांनी नियम घालून दिला होता: तिचं खोटं आहे म्हणायचं नाही, खरं आहे म्हणायचं नाही, आणखी काय असेल एवढं विचारायचं आणि थांबायचं. थांबणं मला जमायचं. विचारायला मात्र धीर करावा लागायचा. एकदा बांधावर कोणाचा तरी कंदील दिसला आणि तू जेवण टाकलंस. मी विचारलं, "आत्या, आणखी काय असेल?"

"त्या डॉक्टरचा पोपट झाल्येस तू."

मी थांबले.

"गाय हरवली असेल कोणाची," तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस. "खेकडे धरत असतील मेले." आणि मग ताट पुढे ओढलंस.

त्या ओढलेल्या ताटाचा आवाज ऐकून मला काय वाटलं ते मी तेव्हा दाखवलं नाही. आता सांगते, मला मोठ्याने हसावंसं वाटलं होतं.

आपला एकच मोठा वाद झाला आणि तो अर्धाच राहिला. मला बघायला मुंबईहून पाहुणे आले होते त्या वेळचा. ते गेल्यावर मी आईला सांगितलं, मला हे स्थळ नको. आईने कारण विचारलं. मी म्हटलं, तो मुलगा बाबा बोलत असताना घड्याळ बघत होता. तू पडवीतून ओरडलीस:

"एवढ्यावर? किती फोडल्यास गो?"

"मला कळलं तेवढ्यात."

"मलाही कळायचं हो तेवढ्यात."

"तुझं दुखणं माझ्यावर नको चालवूस, आत्या."

"दुखणं माझंच आहे. सवय दोघींची आहे. तू आल्यापासून बघत्ये, माणूस ओटीवर चढायच्या आत तू त्याचा निकाल लावतेस आणि आत जाऊन बसतेस. बोलत नाहीस म्हणून कोणाला कळत नाही इतकंच. त्याला बोटीची वेळ गाठायची नसेल कशावरून?"

मी आत जाऊन बसले. राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटली होती. ह्या घरात वेड आहे असं गाव आता कुजबुजत होतंच, आणि ते माझ्यातही कुठे दबून बसलंय का, हे मी आरशात बघून शोधायचे. डॉक्टरांना मी एकदा धीर करून विचारलंही. ते म्हणाले, "मनात आलं म्हणजे झालंच असं ठरवू नका. घाईने निकाल तर सगळेच लावतात. मीही लावतो. तुमच्या आत्याबाईंना त्याची किंमत फार पडली." तेवढ्याने मी पुष्कळ रात्री झोपले. पण तो घड्याळवाला मुलगा मला आवडला नव्हता तो नव्हताच, आत्या. तू बरोबर होतीस असं मी आजही म्हणणार नाही. तू असतीस तर हा वाद पुन्हा काढला असतास, आणि आता तो कोणी काढणार नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

हळूहळू तू आमच्याच भातातला भात घ्यायला लागलीस, स्वतःच्या हाताने वाढून. मग आमटीही. ताट घेऊन माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचीस. पण पाणी नाही. पाणी तुझ्या घागरीतलं, तू काढलेलं, तू ओतलेलं. डॉक्टरांनी एकदा विषय काढला तेव्हा म्हणालीस, "चार आणे उरल्येत. चार आण्यांचं विष पुरतं की नाही माणसाला?" ते म्हणाले, "पुरतं." आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आईलाही त्यांनी सांगितलं, आग्रह करू नका. आई आग्रह करत नसे. ती फक्त रोज तुझ्या पडवीच्या कठड्यावर तांब्याभांडं भरून ठेवायची आणि संध्याकाळी तसंच भरलेलं उचलून तुळशीला घालायची.

ह्या वर्षी तुझे पाय सुजले. मग धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि बाबांना बाजूला नेऊन सांगितलं की हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत. तू आधी बसून घागर कलती करायचीस. मग तेही जमेना. मी डॉक्टरांना म्हटलं, पाण्याचं काय करायचं? ते म्हणाले, "आत्याबाईंनी मागायला हवं." त्यांच्या डोळ्यांतही मला भीती दिसली.

त्या दिवशी सकाळपासून तू काही घेतलं नव्हतंस. ओठ सुकून पांढरे पडले होते. आम्ही विचारलं की मान फिरवायचीस. दुपारी कमळाकाकू आल्या. तुझा श्वास बघितला, घरी गेल्या आणि काशीहून आणलेला गंगेचा गडू घेऊन आल्या. तोंड डाख लावून बंद केलेला, तांब्याचा. बाबांनी खिळ्याने तो फोडला. आत जुन्या धातूचा उग्र वास. काकूंनी वाटीत पाणी ओतलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि पळी आईच्या हातात दिली. आपल्याकडे जाणाऱ्याच्या मुखात ते पाणी घालायचं असतं. घाईने, कोणी काही न बोलता, सगळ्यांनी तेच केलं. बाबा, आई, काकू तुझ्याभोवती उभे राहिले आणि आई पळी घेऊन वाकली. तू डोळे उघडलेस.

मी पायाशी उभी होते. मला एकदम तुझ्या जागेवरून दिसलं. बंद गडू. अनोळखी वास. कोणी बोलत नाही. आणि आईचा हात तोंडाशी. वीस वर्षं तू ज्याची वाट बघत होतीस ते हेच. तू ओठ आवळलेस. आईकडे बघितलंस, काकूंकडे, बाबांकडे, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत मीही त्यांच्यातलीच होते.

काकू म्हणाल्या, "घाल गं, घाल, उशीर नको."

मी विचारलं, "आत्या, आणखी काय असेल?"

काकूंना वाटलं, मला वेड लागलं. तू मात्र माझ्यावरची नजर काढलीस आणि पुन्हा एकेकाकडे बघायला लागलीस, ह्या वेळी सावकाश. तुला धाप लागली होती तरी तू घाई केली नाहीस. वाटीकडे बघितलंस.

"तुळशीचं पान आहे त्यात?"

"हो," आई म्हणाली.

"विष घालणारी तुळस कशाला तोडील." श्वास घेतलास. "आणि हा भाऊ रडतोय."

बाबांनी तोंड फिरवलं.

"म्हणजे मी मरत्ये होय गो?"

मी मान हलवली. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझा सगळा चेहरा सैल पडला, कपाळ, गाल, ओठ. इतका मोकळा चेहरा मी तुझा कधी पाहिला नव्हता.

"अगो, मग तसं सांगायचं! मला वाटलं, मारताय."

तू हसलीस. खोकला आला, तरी हसलीस. आई पळी हातात धरून रडता रडता हसायला लागली. तू म्हणालीस, "हे शिळं नको, वहिनी. घागरीतलं आण. केव्हाची तहान लागल्ये."

"कुठल्या घागरीतलं?" आईने विचारलं.

"कुठलंही आण गो."

आई धावली. स्वयंपाकघरातून फुलपात्र भरून आणलं, तुझं डोकं आपल्या हातावर घेतलं आणि तोंडाला लावलं. तू प्यालीस. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, आईने ते पदराने टिपलं, आणि तू मान मागे घेतली नाहीस.

त्यानंतर दोन-तीन दिवस होतीस. त्या दिवसांत तू आईला सारखी पाणी मागायचीस, तहान नसली तरी मागायचीस, आणि ती दर वेळी उठायची.